एकतीस तारखेचा नळ

आमच्या लेआउटात, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, नळ आला की बायका अजूनही माझ्या आईला हाक मारून विचारतात, "काय मावशी, हौद घासला का आज?" आई कमरेवर हात ठेवून हसते, "घासला न बाप्पा, घासला," म्हणते आणि पाइप हौदात सोडते. चेष्टा साधी आहे, तिच्यात कुणाच्या मनात काही वाकडं नाही. पण ती कानावर आली की मी हातातलं काम टाकून आत जातो. ती चेष्टा खरं तर माझी आहे. माझ्या वाट्याची आई झेलते, आणि मी तिला झेलू दिली, याची लाज मला गेल्या उन्हाळ्यापासून आहे.

त्या एप्रिलच्या सुरुवातीला मी पुण्याची खोली सोडून घरी आलो होतो. वडील गेल्यापासून आई एकटी होती, आणि माझ्या कंपनीने घरून काम करायची मुभा दिली होती. प्रोग्रामर माणसाला लॅपटॉप, वीज आणि नेट एवढंच लागतं. तेवढं आमच्या तालुक्याच्या गावात कधी ना कधी असतं. पाण्याचं मात्र त्या वर्षी कठीण होतं. धरणात साठा कमी म्हणून गावाचे पाच भाग केले होते, आणि एकेका भागाला पाचव्या दिवशी नळ. पाच दिवसांनी येतो म्हणूनही मी कुरकुर केली नसती. माझं डोकं फिरायचं ते लोकांच्या बोलण्याने.

"आई, नळ कधी येणार?"

"येईन न, परवा-तेरवा."

"परवा की तेरवा?"

"मांगच्या खेपेले लाइट गेलती पाह्य, त्याच्यानंतरचे दिवस मोज."

आता लाइट रोजच जात होती. मी आणखी दोन घरी विचारलं. एकीने सांगितलं, तिच्या भाचीच्या वाढदिवसाला आला होता, त्यावरून धरा. दुसरीने सांगितलं, "येते तवा आवाज येते न भाऊ." साधारण, अंदाजे, बहुतेक, हे शब्द ऐकले की माझा पारा चढतो. ऑफिसात माझी त्याबद्दल ख्याती आहे. कुणी मीटिंगमध्ये "आठवड्याभरात होईल" म्हटलं की मी वार विचारतो.

तारखांचं गणित हा माझा तसाही आवडता प्रांत. दोन तारखांमध्ये किती दिवस, अमुक तारखेनंतर तमुक दिवसांनी कोणती तारीख, यासाठी तयार कोड मिळतो. शहाणी माणसं तोच वापरतात. मला दुसऱ्याने केलेलं वापरायला जिवावर येतं, म्हणून मी तारखेचा माझा स्वतःचा क्लास लिहायला बसलो. क्लास म्हणजे एक साचा. त्या साच्यातून निघालेली वस्तू काय लक्षात ठेवेल आणि तिच्यात काही मिळवलं तर काय होईल, हे लिहिणाऱ्याने ठरवायचं. साध्या तारखेत एक मिळवला की उद्याची तारीख येते. माझ्या क्लासमध्ये एक मिळवला की पुढच्या नळाची तारीख यायची, एक वजा केला की मागच्या नळाची. ही कल्पना सुचली तेव्हा मी एकटाच खोलीत हसलो होतो.

क्लास सुरेख झाला होता, हे आजही सांगतो. कोणता महिना तीसचा, कोणता एकतीसचा, लीप वर्षाचा फेब्रुवारी, शंभराने भाग जाणारी वर्षं आणि चारशेने जाणारी वर्षं, सगळं त्यात होतं. पुढच्या शतकातल्या फेब्रुवारीत आमच्या घरी नळ कधी येईल तेही तो सांगायचा. मी आल्यापासून पाहिलेले नळ त्याला दिले. सहा एप्रिल, अकरा, सोळा, एकवीस, सव्वीस, मग एक मे. दोन नळांत बरोबर पाच दिवस, एकदाही चूक नाही. एवढ्या पुराव्यावर कुणाला काही विचारायची गरज मला वाटली नाही. टाकीवर जाऊन वेळापत्रक कसं ठरतं हे विचारणं तर दूरच, जेवताना आईलाही विचारलं नाही.

मग मी लेआउटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आदल्या संध्याकाळी मेसेज टाकू लागलो. "उद्या सकाळी सहाला नळ." सहा मेला आला. अकराला आला, सोळाला आला. लोक खूश झाले. फुलं आली, हात जोडलेली चित्रं आली. समोरच्या घरातले एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "आता पावसाचंही तूच सांगत जा." मी हसून मान हलवली, पण छाती फुगली होती. इतकी वर्षं पुण्यात मी काय करतो हे आईला कुणाला सांगता येत नव्हतं. आता ती सांगायची, "कम्प्युटरवर नळाची तारीख काढते माया पोरगा."

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. ड्रमात उरलेलं पाणी आमच्याकडे शिळं धरतात. त्याच्यावर नवं पाणी ओतायचं नाही. नळ आला की उरलेलं पाणी काढून अंगणात, झाडांना, गाडीवर मारायचं, ड्रम आतून नारळाच्या शेंडीने घासायचा, धुऊन उपडा करायचा आणि मग ताजं भरायचं. टंचाई असली तरी. यात माझी आई सगळ्यांत कडक. घरामागे वडिलांनी बांधलेला सिमेंटचा हौद आहे, तो ती आत उतरून घासायची. हौदात पाणी भरलेलं असताना तळाची फरशी दिसली पाहिजे, असा तिचा हट्ट. लेआउटात नव्या आलेल्या सुनांना सासवा सांगायच्या, मावशीचा हौद पाहून ये.

पूर्वी बायका नळाला पाणी आल्याचा आवाज ऐकल्याशिवाय ड्रम रिकामा करत नसत. नळाचं काही खरं नसायचं. माझे मेसेज सुरू झाल्यावर त्यांची भीती गेली. पहाटे उठून आधीच ड्रम घासून ठेवायचे, म्हणजे पाण्याचा एक थेंबही वाया न जाता भरून घेता येतो. ही सोय माझ्यामुळे झाली होती आणि मी ती अभिमानाने पाहत होतो.

शेजारच्या काकू अंगणवाडीत होत्या, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. काका नाहीत. मुलगी एकच, यवतमाळला दवाखान्यात नर्स. तिचं लग्न पुसदच्या एका शिक्षकाशी ठरलं होतं आणि साखरपुडा, आमच्याकडे त्याला साक्षगंध म्हणतात, काकूंच्या घरी करायचा होता. त्या वर्षी अधिक महिना आल्याने बाकीच्यांची लग्नकार्यं थांबली होती, पण काकूंचं घर बौद्ध, तिथे पंचांग पाहायची रीत नाही. तिथे रविवार पाहतात. मुलाकडच्यांनी मेच्या शेवटचा रविवार मागितला, एकतीस तारीख.

काकू एका संध्याकाळी आमच्याकडे आल्या. मी ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. आई आत पोळ्या लाटत होती.

"भाऊ, एकतीसले नळ हाय का?"

मी क्लासला विचारलं. सव्वीस मेमध्ये एक मिळवला. एकतीस मे.

"आहे ना काकू. बरोबर त्याच दिवशी सकाळी. तुमचं नशीब चांगलं आहे."

काकू घुटमळल्या. "पण एकतीसले नसते न नळ? पह्यलेपासून नसते."

मी हसलो. मोठ्याने हसलो. तो माझा आवाज मला अजून ऐकू येतो. "काकू, ते एकतीस-बिकतीस जुनं झालं. आता पाच दिवसांचं चक्र आहे. चक्राला तारीख माहीत नसते. हे पाहा, इथे दिसतंय." आणि मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांच्या ओळी होत्या. काकूंनी त्या वाचल्यासारखं केलं आणि मान हलवली.

"यंदा सारंच बदललं म्हणा," त्या म्हणाल्या. "मुलाकडचे मोठे लोक हायेत भाऊ. दीडशे माणूस येईन. हात धुवाले पाणी नाई असं नोको व्हाले. पोरीच्या सासरी जन्मभराचं बोलणं होऊन बसते."

"माझ्यावर सोडा," मी म्हणालो.

आत पोळपाटावरचा आवाज थोडा वेळ थांबला होता. मग पुन्हा सुरू झाला.

तीस तारखेच्या संध्याकाळी मी नेहमीसारखा मेसेज टाकला आणि खाली जोडलं, "उद्या काकूंकडे साक्षगंध, सर्वांनी पाणी लवकर भरून घ्यावे." एकाने विचारलं, "३१ ला??" मी त्याला क्लासच्या उत्तराचा फोटो पाठवला.

रविवारी उजाडायच्या आधीच अख्खं लेआउट जागं झालं. घरोघरी ड्रम कलंडवल्याचा आवाज येत होता. लोकांनी अंगणं धुतली, रस्त्यावर सडा टाकला, काकूंचं कार्य म्हणून काकूंच्या दारापर्यंत टाकला. मोटारसायकली धुतल्या. काकूंच्या भाच्यांनी तर चारही ड्रम घासून मांडवाच्या कडेला ओळीने उपडे घातले. ओल्या मातीचा वास सुटला होता. मी चहाचा कप घेऊन ओट्यावर आलो तर आई पायरीवर बसलेली होती, हात कोरडे.

"हौद झाला घासून?"

"हं," ती म्हणाली, आणि रस्त्याकडे पाहत राहिली.

सहा वाजले. सव्वासहा वाजले. बायका पाइप नळाला जोडून उभ्या होत्या. साडेसहाला कुणीतरी म्हणालं, आज उशीर दिसते. सातला काकू त्यांच्या फाटकाशी आल्या. नवी साडी नेसायची बाकी होती, केस मोकळेच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्कूटर काढली आणि टाकीकडे निघालो.

टाकी लेआउटच्या वर, टेकाडावर आहे. तिथपर्यंत जायची गरजच पडली नाही. रस्त्याला लागून नाला आहे, एरवी उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत. त्यात पाणी वाहत होतं. गढूळ, गुडघाभर, चांगलं जोरात. त्यात दहा-बारा पोट्टे उड्या मारत होते, कपडे काठावर टाकलेले, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत होते. वर टाकीवर माणसं झाडू घेऊन चढलेली दिसत होती. टाकी धुणं चाललं होतं.

मी स्कूटर बंद केली आणि तिथेच उभा राहिलो. त्या पाण्यात मी नाचलो होतो. चड्डीवर, शाळा बुडवून. एकतीस तारीख आली की आम्ही पोरं सकाळपासून नाल्याच्या काठावर बसून वाट पाहायचो, कारण त्या दिवशी टाकी धुतात, त्या दिवशी गावात नळ नसतो आणि सगळं पाणी नाल्याला येतं. आई हातात काडी घेऊन मला धरून न्यायला यायची. आम्ही म्हणायचो, एकतीस तारीख कोणाची नाही, ती नाल्याची. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मला ते माहीत होतं आणि मी ते विसरलो होतो, आणि विसरलेलं काकूंनी आठवून दिलं तेव्हा मी त्यांना हसलो होतो.

गावाचे पाच भाग, त्यांना तारखा वाटून दिलेल्या. आमच्या एक, सहा, अकरा, अशा सव्वीसपर्यंत. तीस तारखेला पाचव्या भागाचा नळ झाला की वाटणी संपली. एकतीस उरते, ती टाकीची. एप्रिल तीस दिवसांचा होता म्हणून सव्वीसनंतर पाचच दिवसांनी एक तारीख आली आणि माझं चक्र खरं ठरलं. चक्र असं काही नव्हतंच. क्लासची बेरीज अजूनही अचूक होती, सव्वीस मेनंतर पाच दिवसांनी एकतीस मेच येतो.

टँकरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "एकतीस हाय न भाऊ आज. सारं गाव टँकर मांगते. तीन वाजेशिवाय नाई." दुसऱ्याने फोन उचलला नाही. पुसदची मंडळी अकराला पोचणार होती. प्यायला थंड पाण्याचे जार सांगितलेले होते, पण वरणभाताला, आलूवांग्याच्या भाजीला, दीडशे माणसांचे हात धुवायला, संडासाला पाणी नव्हतं. कुणाच्याच घरी नव्हतं. माझ्या मेसेजवर विश्वास ठेवून सगळ्यांनी ते पहाटे रस्त्यावर ओतलं होतं.

मी परत आलो तेव्हा आमच्या फाटकापासून घरामागच्या हौदापर्यंत माणसांची रांग लागली होती. बादल्या हातोहात जात होत्या, हौदातून काकूंच्या मांडवात. आई हौदाच्या कठड्यावर उभी राहून बादली भरत होती. हौद जवळजवळ भरलेला होता; पाच दिवस तिने घरचं ड्रमावरच भागवलं असणार. तळाची फरशी दिसत होती.

मी रांगेत शिरलो. लोकांनी जागा करून दिली. एक बादली घेतली, पुढे दिली. दुसरी घेतली. मग चौथ्या घरातल्या वहिनी, माझ्यापासून दोन माणसं सोडून उभ्या होत्या, त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मेसेज टाकणाऱ्याच्या घरी हौद फुल्ल, अन् आमचे ड्रम उपडे. गमतच हाय बाई."

रांग थांबली. बादली माझ्या हातात होती. मला कळलं की सगळ्यांच्या मनात तेच आहे. याला आधीच ठाऊक होतं, याने स्वतःच्या घरचं राखलं आणि लोकांचं ओतायला लावलं. यावर खरं उत्तर एकच होतं. माझ्या आईचा माझ्यावर विश्वास नव्हता, म्हणून हौद भरलेला आहे. ते मी त्या क्षणी ओळखलं होतं. तोंड उघडायचं तेवढं बाकी होतं. मी ते उघडलं नाही.

आई हौदावरून म्हणाली, "काहून बोलतं त्याले? मायाच आळस झाला माय. काल दिवसभर कुरड्या घातल्या, अंग मोडून आलं. पहाटे डोळाच उघडला नाई. म्हणलं, राहू दे एक खेप शिळं, कोण पाहाले येते."

"अगं बाई! मावशीनं हौद नाई घासला!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले. वहिनीही हसल्या. "तरीच म्हणते, मावशीच्या घरी शिळं पाणी!" रांग पुन्हा हलायला लागली. आईही हसत होती, पदराने कपाळ पुसत. पहाटे चारला उठणारी बाई. त्या दिवशीही तीच माझ्या आधी उठून पायरीवर बसली होती. मी खाली पाहत बादल्या पुढे देत राहिलो.

साक्षगंध छान झालं. पुसदच्या मंडळींना काहीच कळलं नाही. वंदना झाली, कुंकवाऐवजी फुलं झाली, पेढे झाले. हात धुवायच्या जागी दोन मोठ्या बादल्या आणि तांबे ठेवलेले होते, मुलाच्या वडिलांनी हात धुतले आणि रुमालाला पुसले. काकूंनी मला पहिल्या पंगतीला ओढून बसवलं. बुंदी वाढता वाढता म्हणाल्या, "तुमच्या मायमुळं झालं भाऊ," आणि पुढे सरकल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी ताट पुसून जेवलो, कारण तो वरणभात आमच्याच हौदातल्या पाण्यात शिजला होता.

मंडळी गेल्यावर मी घरामागे गेलो. आई रिकाम्या हौदात उतरून घासत होती. दुसऱ्या दिवशी एक तारीख होती.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"एकतीस तारखेले त तुले नाल्यातून धरून आणा लागे. मले माहीत नाई होईन?"

"मग बोलली का नाहीस?"

ती घासत राहिली. मग म्हणाली, "तू काकूले हसला तवा मी पोळ्या करून राह्यलती. आयकलं मी. तिनं त तुले नीटच विचारलं होतं." थोड्या वेळाने म्हणाली, "मले हसला असता त मले सोसलं नसतं."

मी कठड्याला धरून उभा होतो.

"अन् घरोघरी जाऊन काय सांगू? माया पोराचा मेसेज खोटा हाय म्हणून? साऱ्यायले सांगत फिरतो न मी, कम्प्युटरवर काढते म्हणून. वाटलं, एवढा शिकला, येईनही नळ. नाई आला त आपला हौद हाय, काकूचं भागते. बाकीच्यायचं मले सुचलं नाई."

शेंडी फरशीवर घासल्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, "दे इकडे, मी घासतो." ती म्हणाली, "तुले नाई जमत, कोपरे राह्यतात."

क्लासमध्ये एक ओळ घातली. एकतीस तारीख आली तर ती सोडून पुढे जा. दोन मिनिटांचं काम होतं. मेसेज टाकणं मात्र मी बंद केलं. आठवडाभराने काकूच म्हणाल्या, "काहून बंद केलं भाऊ? बायकायले बरं पडत होतं." म्हणून पुन्हा सुरू केलं, आणि हसू येईल, पण आता ते पाठवायच्या आधी मी आईला दाखवतो. ती चष्मा लावून वाचते आणि "हाव" म्हणते.

माझ्या चुकीबद्दल लेआउटात कुणी बोलत नाही. ती चूक त्यांच्या दृष्टीने कम्प्युटरची होती. लक्षात राहिला तो आईचा आळस, कारण तो कधी कुणी पाहिला नव्हता. "काय मावशी, हौद घासला का?" जिचा हौद सुनांना दाखवायला नेत होते, तिला आता नळाच्या दिवशी हे विचारतात. नव्या सुनेला तर एवढंच माहीत आहे की या मावशीने एकदा हौद घासला नव्हता.

मागच्या नळाला मी ठरवून बाहेर थांबलो. वहिनी, काकू, दोन-तीन जणी पाइप घेऊन उभ्या होत्या. नेहमीची हाक आली. आई तोंड उघडणार तोच मी म्हणालो, "वहिनी, तिने आळस केला नव्हता. तिला एकतीस तारखेचं माहीत होतं. तिने मुद्दाम पाणी ठेवलं होतं. मी ऐकून घेतलं नसतं, हसलो असतो, म्हणून ती बोलली नाही. त्या दिवशी ती खोटं बोलली ते माझ्यासाठी."

एका दमात म्हणालो. बायका आईकडे पाहू लागल्या. नळाचं पाणी कुणाच्या तरी ड्रमात पडत होतं.

आईने पाइप हातात तसाच धरून हसत मान हलवली. "कायले खोटं बोलतं रे मायासाठी? झोपली त झोपली मी, त्याच्यात लाजाचं काय हाय?" मग बायकांकडे वळून म्हणाली, "पोरगा हाय न, मायले झाकते."

वहिनींचे डोळे भरून आले. त्यांनी पुढे होऊन माझ्या पाठीवर हात ठेवला. "नशीबवान हाय मावशी तुमी," त्या म्हणाल्या. "असा पोरगा सापडत नाई."